सांस्कृतिक जीवनाचा हक्क आणि आपले मावळ
(रुग्णालयाच्या दिव्यांग दिन मेळाव्यातील भाषणाचा संपादित मजकूर)



३ डिसेंबर हा दिवस दिव्यांगांचा दिवस म्हणून पाळावा, असे संयुक्त राष्ट्रसंघाने १९९२ साली ठरविले. तेव्हापासून या दिवशी आपल्याकडे तीनचाकी सायकलींचे वाटप होते, गुणवंतांना शाल-श्रीफळ दिले जाते, मुलांची गाणी व नृत्ये होतात. यात वाईट काहीच नाही. आपणही आज त्याच निमित्ताने जमलो आहोत. परंतु थोड्या वेळाने येथे जो कार्यक्रम सादर होणार आहे तो कोणासाठी आहे, हा प्रश्न आधी मोकळेपणाने विचारावा असे मला वाटले, आणि विश्वस्तांनी तशी मुभा दिली याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

रुग्णालयाचे काम मोजण्याची आपली मापे ठरलेली आहेत. किती शस्त्रक्रिया झाल्या, बाह्यरुग्ण विभागात किती रुग्ण तपासले, किती जणांना कृत्रिम पाय वा कॅलिपर बसविले. या मापांत मला आणखी एकाची भर घालावीशी वाटते. येथून घरी गेलेला माणूस पुढच्या चैत्रात गावच्या जत्रेला गेला का? गेला असल्यास कोठे बसला? हरिनाम सप्ताहात तो पंगतीला होता, की त्याचे ताट घरी पाठविले गेले? भजनी मंडळात पूर्वी तो पखवाज वाजवीत असेल, तर आता त्याच्या जागी कोण वाजवितो? फेरतपासणीच्या वेळी आपण जखम पाहतो, सांध्यांची हालचाल पाहतो, नाडी पाहतो. हे प्रश्न मात्र केसपेपरवर नसतात, म्हणून ते विचारले जात नाहीत.

मावळात या प्रश्नांना विशेष महत्त्व आहे. आपला तालुका मुंबई आणि पुणे यांच्यामधला. जुना महामार्ग येथूनच जातो, द्रुतगती मार्गही येथूनच जातो. अपघातात मणक्याला इजा झालेले, पाय गमावलेले तरुण आपल्या विभागात नेहमी येतात, आणि त्यांतले बरेचसे काल-परवापर्यंत लेझीम खेळणारे, आखाड्यात उतरणारे असतात. दुसरीकडे पोलिओने अधू झालेली पिढी आहे. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला, आणि मार्च २०१४ मध्ये आपला विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. नवे रुग्ण थांबले ही मोठीच गोष्ट झाली. परंतु ज्यांना तो आधीच होऊन गेला, ते आज प्रौढ आहेत, संसारी आहेत, आणि देवळाच्या पायरीशी अडतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. तेव्हा कायद्यातील प्रकार मोजके होते. २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले, त्यामुळे खरी संख्या याहून मोठी असणार हे उघड आहे.

आपल्या परंपरेने अपंग माणसाकडे कसे पाहिले, हे तपासून पाहण्यासारखे आहे. कीर्तनाच्या आरंभी जी प्रार्थना म्हटली जाते, तीत ईश्वराच्या कृपेने मुका बोलू लागतो आणि पांगळा पर्वत ओलांडतो, असे वर्णन येते. एकनाथ महाराजांच्या भारुडांत आंधळा येतो, पांगळा येतो, बहिरा आणि मुकाही येतो. नाथांचा रोख आध्यात्मिक अज्ञानावर आहे, शरीराच्या व्यंगावर नाही, हे आपण जाणतो. तथापि भारुड पाहणाऱ्या गर्दीत जो खरोखर दृष्टिहीन बसलेला असतो, त्याच्या वाट्याला रूपक येत नाही, भोवतीचे हसू तेवढे येते. चारशे वर्षांपूर्वीच्या संतकवीला आजच्या कायद्याने तोलणे योग्य नव्हे. आज ते भारुड सादर करणाऱ्याने मात्र एवढे भान ठेवण्यास हरकत नसावी.

याच परंपरेत कूर्मदासाची कथाही आहे. पैठणच्या या भक्ताला हातपाय नव्हते. कीर्तनात पंढरीचा महिमा ऐकला आणि हा पोटावर सरपटत निघाला. वाटेत वारकऱ्यांनी त्याला खाऊ-पिऊ घातले, परंतु एकादशी जवळ आली तेव्हा तो माढा तालुक्यातील लऊळपर्यंतच पोहोचला होता. पुढे जाववेना. त्याने पंढरीला जाणाऱ्यांबरोबर निरोप धाडला आणि स्वतः विठ्ठल त्याच्या भेटीला लऊळला आला, अशी श्रद्धा आहे. तेथे त्याचे मंदिर आहे. आपण ही कथा भक्तीची म्हणून ऐकतो, आणि ती तशी आहेच. मला तीत दुसरेही काही दिसते. कूर्मदासाने घरी बसून नामस्मरण केले असते तरी त्याला कोणी दोष दिला नसता. त्याला वारीत जायचे होते, चारचौघांबरोबर. घरपोच प्रसादाची व्यवस्था त्याला पुरेशी वाटली नाही. देहू आणि आळंदीच्या इतक्या जवळ राहणाऱ्या आपल्या मावळकरांना ही ओढ समजावून सांगण्याची गरज नाही.

आणि अमरावती जिल्ह्यातील गुलाबराव महाराज. तान्हेपणीच दृष्टी गेलेल्या या पुरुषाने १८८१ ते १९१५ एवढ्या अल्प आयुष्यात, दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेऊन आणि मजकूर तोंडी सांगून, शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ रचले. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. त्यांच्या प्रतिभेचा गौरव करताना, त्यांना रोज वाचून दाखविणारे आणि लिहून घेणारे हात होते, हे आपण विसरतो. असे हात मिळाले नाहीत म्हणून किती जणांचे ग्रंथ मनातच राहिले असतील, याचा हिशेब कोठेच नाही. आजच्या कायद्याच्या भाषेत त्या हातांना सहाय्य म्हणतात, आणि ते उपकार म्हणून मागायचे नसते.

आता कायद्याविषयी थोडेसे. संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर २००६ मध्ये दिव्यांगांच्या हक्कांचा करार स्वीकारला आणि भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्याला मान्यता दिली. त्याचे तिसावे कलम सांस्कृतिक जीवन, मनोरंजन व क्रीडा यांतील सहभागाचे आहे. त्याला अनुसरून आपल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात एकोणतिसावे कलम आले. दिव्यांग कलावंत व लेखकांना सुविधा आणि आर्थिक पाठबळ, कला सर्वांना पोहोचेल अशी करणे, नृत्य-कलावर्ग व साहसी शिबिरांत सहभाग, दूरचित्रवाणीवर सांकेतिक भाषा किंवा लिखित ओळी, इतकेच नव्हे तर दिव्यांगांच्या इतिहासाचे संग्रहालय, अशी अनेक कर्तव्ये त्यात शासनावर आणि स्थानिक संस्थांवर सोपविली आहेत. स्थानिक संस्था म्हणजे आपली नगरपरिषद आणि आपली ग्रामपंचायत. शिक्षण आणि नोकरी यांविषयीच्या तरतुदी आपल्याला ठाऊक असतात, सवलतींची माहिती तर एस.टी.च्या थांब्यावरही मिळते. हे एकोणतिसावे कलम मात्र मी ज्या ज्या सभेत सांगितले, तेथे ऐकणाऱ्यांना आश्चर्य वाटले. गाणे, नाटक, जत्रा या गोष्टी हक्काच्या यादीत बसतात, हे आपल्या मनाला सहज पटत नाही. पोटापाण्याचे आधी पाहू, हौसमौज नंतर, असे आपण म्हणतो. गावच्या जत्रेत मात्र आपण स्वतः असा क्रम कधी लावत नाही.

रंगभूमी आणि चित्रपट यांचा विषय निघाला की, आपल्या फार्सांची आठवण होते. बहिऱ्याने भलतेच ऐकणे, तोतऱ्याचे वाक्य अडणे, यांवर आपण पिढ्यान्‌पिढ्या हसत आलो. सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवरील निकालात या विषयाचा विचार केला. अपंगत्वाला हिणविणारा विनोद वेगळा, आणि अपंगत्वाचा अनुभव समजावून देणारा विनोद वेगळा, असा भेद न्यायालयाने केला आणि चित्रण करताना दिव्यांगांचा सहभाग घेण्यास सांगितले. कलेवर बंधने यावीत अशा मताचा मी नाही. पण आपल्या आंधळ्या मित्राबरोबर बसून त्याच्याच विनोदावर हसणे आणि त्याला पाहून हसणे, यांतला फरक समजायला न्यायालयापर्यंत जावे लागले, हे काही भूषणावह नव्हे.

चांगली उदाहरणे महाराष्ट्रात आहेत आणि ती मन लावून पाहावीत अशी आहेत. वरोऱ्याच्या आनंदवनात डॉ. विकास आमटे यांच्या प्रेरणेने २००२ साली 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद उभा राहिला. कुष्ठरोगातून बरे झालेले, दृष्टिहीन, कर्णबधिर, अस्थिव्यंग असलेले असे शंभरावर कलावंत त्यात आले आणि गावोगावच्या रंगमंचांवर त्यांनी तिकीट लावून कार्यक्रम केले. 'तिकीट लावून' या शब्दांकडे मी आपले लक्ष वेधतो. प्रेक्षक कार्यक्रम पाहायला येतो, पैसे देतो, आणि आवडले तर टाळ्या वाजवितो. देणगी आणि तिकीट यांत रक्कम तीच असली तरी नाते बदलते.

स्वागत थोरात यांनी स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास पुण्यातील ८८ अंध कलावंतांना घेऊन 'स्वातंत्र्याची यशोगाथा' हे नाटक उभे केले. पुढे २००८ साली त्यांनी 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले, आणि काही वर्षांपूर्वी दृष्टिहीन नटसंचाकडून 'अपूर्व मेघदूत' करविले. मेघदूत म्हणजे मेघाच्या वाटेवरील नद्या, डोंगर आणि नगरांचे वर्णन. ते ज्यांनी कधी पाहिले नाही, त्यांनी ते रंगमंचावर उभे करायचे! अशा नाटकाच्या तालमीत आवाजाच्या दिशेवरून, पावलांच्या मोजणीवरून आणि पायाखालच्या जमिनीच्या स्पर्शावरून हालचाली बसवाव्या लागतात. आमच्या भौतिकोपचार विभागातही तोल आणि चाल यांचे व्यायाम दिले जातात. भिंतीला धरून दहा फेऱ्या मारा असे सांगितले की, रुग्ण चौथ्या फेरीला कंटाळतो. नाटकाची तालीम असेल तर तोच माणूस थकवा विसरून पुन्हा पुन्हा चालेल, याची मला खात्री वाटते. तरीही कलेकडे केवळ उपचार म्हणून पाहू नये असे मी सांगेन. आपण सारे नाटकाला जातो ते काही गुडघ्यांसाठी नव्हे.

'श्वास' हा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. २००४ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणून तो पाठविला गेला. डोळ्यांच्या कर्करोगामुळे नातवाची दृष्टी जाणार, हे ठरल्यावर शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा त्याला रुग्णालयातून बाहेर घेऊन जातात, जग दाखवायला. रुग्णालयाच्या लोकांनी हा चित्रपट अधूनमधून पाहावा. आपल्या शिस्तीत न बसणारी ती एक फेरी किती आवश्यक होती, ते त्यात कळते. शस्त्रक्रियेनंतर तो मुलगा कोकणातल्या आपल्या गावी परततो. माझ्या मनात पुढचे प्रश्न राहतात. शिमग्यात त्याला कोण नेईल? दशावतार चालू असताना काय घडते आहे, हे त्याच्या कानाशी कोण सांगेल?

आता आपल्या मावळाकडे येतो. येथील वारसा डोंगरावर आहे. भाज्याच्या लेण्यात नृत्य करणारी स्त्री आणि तिला साथ करणारी वादक स्त्री कोरलेली आहे. मावळातील कलेचा इतका जुना पुरावा आपल्या दाराशी आहे. कार्ल्याचे चैत्यगृह आणि शेजारी एकवीरा आईचे मंदिर साडेतीनशेच्या आसपास पायऱ्यांवर. लोहगड तर २०२५ च्या जुलैत बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेला. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. परंतु वारसा जगाचा झाला आणि पायथ्याच्या गावातला चाकाच्या खुर्चीवरचा मुलगा तो छायाचित्रातच पाहतो, ही विसंगती आपल्याला टोचली पाहिजे. प्राचीन कातळ फोडून उतार करा, असे कोणी म्हणत नाही. पायथ्याशी स्पर्शाने समजेल अशी प्रतिकृती, ब्रेलमधील माहिती, सांकेतिक भाषेतील चित्रफीत, हे तर कातळाला धक्का न लावता होऊ शकते.

कार्ल्याच्या त्या चैत्यगृहात दात्यांचे लेख आहेत, हे येथील देणगीदारांना मुद्दाम सांगतो. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव आहे, यवनांनी दिलेले स्तंभ आहेत. धेनुकाकट येथील एका गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, दर्शनी द्वाराचे दान दिल्याची नोंद आहे, आणि द्वार घडविणाऱ्या सुताराचेही नाव कोरले आहे. सुमारे १२४ फूट लांबीच्या त्या भव्य दालनात कोणी खांब दिला, कोणी दार दिले. आपल्याकडे खोलीला, खाटेला, यंत्राला देणगीदाराचे नाव लागते. उतरत्या मार्गाला लागलेले मी अद्याप पाहिले नाही.

उतरत्या मार्गाचे गणित सोपे आहे. एक फूट उंची चढायची तर किमान बारा फूट लांबीचा उतार लागतो. याहून तीव्र केला तर खुर्ची मागे कलंडते, ढकलणाऱ्याचेही हाल होतात. आपले समारंभाचे व्यासपीठ साधारण तीन फूट उंच असते. म्हणजे छत्तीस फुटांचा उतार झाला, आणि तो मांडवात मावत नाही. मग आयोजक चार कार्यकर्ते बोलावतात आणि सत्कारमूर्तीला खुर्चीसकट उचलून वर ठेवतात. उचलल्या जाणाऱ्या माणसाचा चेहरा त्या वेळी पाहावा. यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे व्यासपीठ खाली आणणे. आपली भारुडे, गोंधळ, लेझीम, भजने कधी उंच मंचावर होत होती? अंगणात, देवळापुढच्या पटांगणात, प्रेक्षकांच्या पातळीवर होत. लोककलांची ही रीत उंच मंचाच्या नादात आपण सोडली. आज येथे जमिनीवर जाजम अंथरून कार्यक्रम ठेवला आहे, तो काटकसरीसाठी नाही, हे आपल्या ध्यानात आले असेल.

कर्णबधिरांना संगीत वर्ज्य आहे, हा असाच एक समज. ढोल जवळ असला की त्याचा ठोका छातीत आणि तळपायात जाणवतो. ढोलपथकात कर्णबधिर तरुण ताल धरू शकतो, समोरच्याच्या टिपरूकडे पाहून आणि अंगात उमटणाऱ्या कंपनावरून. उलट स्वमग्न मुलांना ध्वनिवर्धकांच्या भिंती असह्य होतात. त्यांच्यासाठी मांडवापासून दूर एक शांत खोली उघडी ठेवली की, त्यांची आई पूर्ण वेळ कार्यक्रमाला थांबू शकते. आईचाही सांस्कृतिक जीवनावर हक्क आहे, याची नोंद कायद्यात नसली तरी आपण घ्यावी.

आणि पाऊस. लोणावळ्याचा पाऊस पाहायला लोक लांबून येतात. चाकाच्या खुर्चीवरील माणसाला तो चार महिने घरात कोंडतो. चिखलात चाक रुतते, कुबडी घसरते, शेवाळलेल्या पायऱ्यांवर जाण्याची सोयच नसते. गणेशोत्सव नेमका याच दिवसांत येतो. ज्या मंडळांना शक्य आहे त्यांनी रस्त्यापासून मांडवापर्यंत फळ्यांची वाट केली, तर त्यावरून आजीबाईही येतील आणि बाबागाडीही येईल.

कुटुंबीयांशी दोन शब्द बोलायचे आहेत, आणि ते दोष देण्यासाठी नाहीत. घरात लग्नकार्य निघाले की एका माणसाला आतल्या खोलीत बसविले जाते. लोक काय म्हणतील, पाहुणे नाही नाही ते विचारतील, त्याचीच गैरसोय होईल, अशी कारणे असतात, आणि त्यांतली काही खरीही असतात. वर्षानुवर्षे काळजी घेऊन थकलेल्या माणसाला उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. एवढेच सुचवितो की, निर्णय त्या व्यक्तीला विचारून घ्यावा. ती नको म्हणाली तर नको. पण तिला विचारलेच नाही, असे होऊ नये.

विश्वस्तांपुढे काही मागण्या ठेवतो. पुढील वर्षीच्या या मेळाव्याच्या नियोजन समितीत निम्मे सदस्य दिव्यांग असावेत. केवळ कलावंत म्हणून त्यांना बोलावू नये. खर्च, निमंत्रणे, पाहुणे ठरविण्याचे अधिकारही त्यांच्याकडे असावेत. सादरीकरण करणाऱ्यांना शालीऐवजी मानधन द्यावे, मग ते कितीही अल्प असो. सांकेतिक भाषेचा दुभाषी हा ध्वनिवर्धकाइतकाच आवश्यक खर्च समजून अंदाजपत्रकात धरावा. आणि ज्यांना देणगीतून चाकाच्या खुर्च्या दिल्या जातात, त्यांची ती देताना छायाचित्रे घेण्याची प्रथा, या अहवालापासूनच, बंद व्हावी. देणगीदार यावर रागावणार नाहीत असा मला विश्वास आहे. खुर्ची कोणी वापरली आणि तिच्यावरून तो कोठे कोठे गेला, हे कळविणारे पत्र त्यांना अधिक आनंद देईल.

वाहनाचा प्रश्न उरतो आणि तोच सर्वांत अवघड आहे. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव ही गावे लोकलने जोडलेली आहेत. लोकलमध्ये दिव्यांगांसाठी राखीव डबाही असतो, पण त्या डब्यापर्यंत जाण्यासाठी पादचारी पूल चढावा लागला तर राखीव जागेचा उपयोग काय? पवन मावळ आणि आंदर मावळातील गावे तर रेल्वेपासून दूरच. आज येथे जे आले ते बहुतेक खासगी रिक्षा करून आले, आणि त्या भाड्यापायी किती जण आले नाहीत हे आपल्याला ठाऊक नाही. रुग्णालयाची रुग्णवाहिका अशा दिवशी देता येणार नाही, ती तिच्या कामासाठीच राहिली पाहिजे. म्हणून मागच्या बाजूने फळी टाकून खुर्ची आत घेता येईल असे एक वाहन, वर्षातील ठरावीक दिवसांपुरते तरी, भाड्याने घ्यावे. ते दिवस एकवीरेच्या चैत्र यात्रेचे, गणेशोत्सवाचे, आणि ज्या गावातून मागणी येईल त्या गावच्या जत्रेचे असावेत. ज्या कुटुंबांना ही सोय हवी आहे, त्यांनी आज जाण्यापूर्वी समाजसेवा विभागाच्या मेजावर गावाचे नाव आणि जत्रेची तिथी लिहून द्यावी. देणगीदारांपैकी ज्यांना या खर्चात वाटा घ्यावयाचा असेल, त्यांच्यासाठी तेथेच दुसरी वही ठेवली आहे.

कलावंत तयार आहेत आणि मी ठरल्यापेक्षा अधिक वेळ घेतला आहे.